चौथं पाप

आमच्या लहानपणी पापं मोजता येत होती. रविवारी दुपारी देवळाच्या पडवीत धर्मशिक्षणाचा वर्ग भरायचा. (आम्हा वसईच्या जुन्या ख्रिस्ती माणसांना चर्चला देऊळ म्हणायची सवय आहे, ती आता जायची नाही.) शिकवायला जे मास्तर होते ते दहा आज्ञा बोटांवर मोजून घ्यायचे. खोटं बोलणं, आईबापाला उलटून बोलणं, रविवारची मिस्सा चुकवणं, शुक्रवारी मटण खाणं, दुसऱ्याच्या वाडीतले पेरू काढणं. कन्फेशनला जाताना आम्ही पोरं आकडे पाठ करून जायचो. खोटं बोललो पाच वेळा, धाकट्या भावाला मारलं सात वेळा. जाळीपलीकडून फादर दोन-तीन प्रार्थना सांगायचे, त्या म्हटल्या की पाटी कोरी.

ह्या मोजदादीत विहीर कुठेच नव्हती. शेजाऱ्याचा बांध कोरला तर ते चोरीत बसायचं. पण विहिरीतून किती पाणी काढलं हा प्रश्न कुठल्याच आज्ञेत बसत नव्हता, आणि तो कुणाला पडतही नव्हता, कारण विहिरी आटत नव्हत्या.

मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये असायची. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ आमच्याकडे. ते काय बोलतात ते देवाला ठाऊक आणि त्यांना ठाऊक. माझी आजी मिस्साभर आपली रोझरी म्हणत बसायची. घंटी वाजली की मान खाली, पुन्हा वाजली की वर. आपल्याला काही कळत नाही असं तिला कधी वाटलं नाही. रोमला १९६२ ते १९६५ अशी व्हॅटिकनची दुसरी परिषद चालू होती, जगभरचे बिशप जमले होते, आणि १९६३च्या डिसेंबरात त्यांनी लोकांच्या भाषेत उपासना करायला वाट मोकळी करून दिली होती. हे सगळं मी फार नंतर वाचलं. आमच्या गावात त्यातलं काही पोचलं नव्हतं. पोचले ते पोपच. १९६४च्या डिसेंबरात मुंबईला ओव्हल मैदानात युखरिस्तिक काँग्रेस भरली आणि पोप सहावे पॉल विमानाने तिथे आले. मी सहा वर्षांचा होतो. बा गावातल्या माणसांबरोबर लोकलने गेला आणि रात्री उशिरा परत आला. आम्ही विचारलं, पोप कसे दिसतात? बा म्हणाला, "पांढरे. लांब होते." एवढीच पोपांची हकिकत आमच्या घरात राहिली.

मग दोन-चार वर्षांत वेदी पुढे सरकली, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठी बोलू लागले. तरुणांना आनंद झाला. आजी मात्र म्हणाली, "आता फादर काय बोलतो ते कळतं, म्हणून माझं प्रार्थनेत लक्ष लागत नाही." लोक हसले. मला आता वाटतं, म्हातारी फार चुकीचं बोलली नव्हती. कळायला लागलं की ऐकावं लागतं, आणि ऐकलं की अंगाला लागतं.

त्यातलीच एक गोष्ट सांगायची आहे. मिस्साच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून, छातीवर मूठ मारून पाप कबूल करायची प्रार्थना असते. जुन्या लॅटिन प्रार्थनेत पाप तीन वाटांनी होत असे. मनात आणून, तोंडाने बोलून आणि हाताने करून. १९६९ साली पोप सहावे पॉल यांनी मिस्साचा नवा विधी जाहीर केला, त्यात चौथी वाट आली. जे करायला पाहिजे होतं आणि आपण केलं नाही, तेही पाप. लॅटिनमध्ये हा एकच शब्द आहे. एका निवृत्त फादरांनी जुनं पुस्तक आणि नवं पुस्तक शेजारी शेजारी ठेवून तो मला दाखवला, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तशी ही शिकवण काही नवी नाही. बायबलात याकोबाच्या पत्रात ती आहेच. पण पुस्तकात असणं वेगळं आणि दर रविवारी गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात असणं वेगळं. फादर म्हणाले, "ह्या एका शब्दाने पापाचं क्षेत्र किती वाढलं बघा." क्षेत्र हा शब्द त्यांनी मी शेतकरी म्हणून मुद्दाम वापरला असावा.

आता वाडीकडे येतो.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्रापासून चालत अर्ध्या तासावर. राजेळी केळी, नागवेली, बांधाला चाफा आणि जास्वंद. राजेळीची सुकेळी आई उन्हात घालायची आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला आम्हाला बसवायची. पाणी दोन जागचं. एक विहीर, तिच्यावर रहाट, रहाटाला रेडा. दुसरं बावखल. वसईबाहेरच्या माणसाला बावखल म्हणजे काय ते सांगावं लागतं. वाडीच्या सखल जागेत खणलेलं उघडं तळं, त्याला बांधकाम-बिंधकाम काही नाही. पावसात ते तुडुंब भरतं, आणि मग तेच पाणी जमिनीत मुरत मुरत आजूबाजूच्या विहिरी धरून ठेवतं. आमच्याकडे जमिनीच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर असतं, दुधावर साय असावी तसं. गोडं पाणी बेताने काढलं तर साय टिकते. ओरबाडलं तर खालचं खारं वर येतं आणि समुद्र आत सरकतो. रेडा दिवसभर फिरला तरी साय फाटत नव्हती. रेडा दमायचा. डिझेल इंजिन दमलं नाही, आणि विजेची मोटार तर रात्रीही दमली नाही.

ऐंशीनंतर स्टेशनाभोवती इमारती उठायला लागल्या. मुंबईत घर न परवडणारा माणूस नालासोपाऱ्याला, विरारला आला. त्याच्यासाठी खोल्या बांधल्या, नळ बसवले, फक्त नळात पाणी नव्हतं. मग आमच्या पट्ट्यात टँकर शिरले. दहा हजार लिटरचा टँकर वाडीच्या तोंडाशी उभा राहायचा, पाइप विहिरीत जायचा आणि तासाभरात टँकर भरून निघायचा. केळीच्या घडाला वर्ष थांबावं लागतं. पाण्याचे पैसे संध्याकाळी हातात. ज्याने कुणी पहिल्यांदा विकलं असेल त्याला मी दोष देत नाही, भाजी कवडीमोलाने जात होती.

त्याच सुमाराला, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं. फादर तेव्हा 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. पुढे ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राला त्यांचं नाव कळलं, पण आमच्याकडे ते त्याच्या तीस वर्षं आधीपासून रस्त्यावर होते. जमीन, पाणी, झाडं यांवर बोलायचे. आणि आमच्यातलेच लोक म्हणायचे, फादरांनी मिस्सा करावी, मोर्चे कशाला? मीही मोर्चात होतो. मोर्चातून घरी येताना वाटेत टँकरसाठी थांबून रस्ता द्यावा लागायचा, असे ते दिवस होते.

माझ्या थोरल्या काकांचा मुलगा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये फक्त चाफ्याची एक रांग. दादाने पाणी विकायला सुरुवात केली तेव्हा दिवसाला दोन टँकर जायचे. मग चार. मग मोजायचं मी सोडून दिलं. माणूस मनाने वाईट नाही, हे आधी सांगतो. गावात कुणाच्या घरी मयत झाली की पहिला दादा. देवळाच्या रंगरंगोटीला, सणाच्या मांडवाला त्याचा हात मोकळा. सणाच्या दिवशी पाहुण्यांसाठी देवळाच्या आवारात पाण्याचा टँकर उभा असायचा, तोही दादाचा, फुकट. फादर वेदीवरून त्याचे आभार मानायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे.

माझ्या नागवेलींची पानं कडेने करपायला लागली. आधी मला रोग वाटला, फवारणी केली. मग एक दिवस विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, तर मचूळ. नागवेल फार नाजूक, खारं पाणी तिला अजिबात सोसत नाही. तीन उन्हाळ्यांत माझा पानमळा गेला. बाने लावलेला होता तो. आईने शेवटची पानं खुडून घरी आणली आणि कुणाशी काही न बोलता देव्हाऱ्यासमोर ठेवली.

मी दादाकडे गेलो. भांडायला नव्हे, पण आवाज चढलाच.

"दादा, तुझ्या मोटारीने माझ्या विहिरीत समुद्र आणला."

"विहीर माझी, मोटार माझी, सातबारा माझ्या नावावर. तुझ्या विहिरीत मी पाइप टाकला काय?"

कायद्याने तो बरोबर होता. जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं, हे इंग्रजांच्या १८८२ सालच्या सुखाधिकाराच्या कायद्यापासून आपल्याकडे चालत आलं आहे. मी गप्प बसलो. मग तो जे बोलला त्याने मला खरं गोंधळात टाकलं. म्हणाला, "आणि मी पाणी कुणाला देतो? तिकडे चाळीत बायका हंडा घेऊन रात्री दोन वाजता बसतात. तहानेल्याला पाणी द्या असं येशू सांगतो ना?"

"देतोस की विकतोस?" मी म्हणालो.

"तू केळी देतोस की विकतोस?"

ह्याला उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही पुरतं आहे असं नाही. टँकरवाल्याकडून ते पाणी चाळीत कितीला जायचं ते दादालाही ठाऊक होतं आणि मलाही, पण त्या बायकांची तहान खोटी नव्हती.

२०१५च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे परिपत्रक आलं. सृष्टीबद्दल, आपल्या सगळ्यांच्या ह्या एका घराबद्दल. आमच्याकडे तेव्हा एक तरुण फादर होते, त्यांनी लागोपाठ चार रविवार त्यावर प्रवचन केलं. स्वच्छ पिण्याचं पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, ते बाजारातली वस्तू होणं बरं नाही, असं पोप म्हणतात हे त्यांनी सांगितलं. निसर्गाचा नाश करणं हे पाप आहे असं ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख बार्थोलोम्यू यांनी म्हटलेलं आहे, आणि पोपांनी ते मान देऊन सुरुवातीलाच घेतलं आहे, हेही सांगितलं. दुसऱ्या रविवारी मिस्सा सुटल्यावर पायऱ्यांवर बाचाबाची झाली. एक जाणते गृहस्थ म्हणाले, "फादर, आत्म्याचं बोला. मोटारीचं बोलू नका."

मला ह्या म्हणण्याचं नवल वाटतं. १९६८ साली पोप सहावे पॉल यांनी संततिनियमनाची कृत्रिम साधनं नाकारणारं परिपत्रक काढलं. नवरा-बायकोच्या खोलीपर्यंत चर्चने बोललेलं ह्याच गृहस्थांना चालत होतं. (पाळलं किती ते विचारू नये. गावात आता घरटी दोन पोरं आहेत.) मग विहिरीपर्यंत बोललं तर काय बिघडलं? खोलीत काय होतं ते दोघांचं असतं. विहिरीत काय होतं ते अख्ख्या आळीचं असतं.

प्रवचनं ऐकून मी त्या फादरांकडून पुस्तिका मागून आणल्या. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, सगळं एका वाचनात कळत नाही, पेन्सिलने खुणा करत वाचतो. त्यात मला एक जागा सापडली. १९८७च्या डिसेंबरातल्या एका परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल म्हणतात की खासगी मालमत्ता रास्त आहे, गरजेचीही आहे, पण तिच्यावर समाजाचं गहाण आहे. देवाने पृथ्वी सगळ्यांसाठी केली, म्हणून कुणाचीच मालकी पूर्ण मोकळी नाही. गहाण म्हटल्यावर मला लगेच उमगलं. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला धर्मपंडित लागत नाही. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. सोसायटीचं कर्ज काढलं की बोजा तिथे चढतो. जमीन आपलीच, कसायचं आपणच, पण तो बोजा असेपर्यंत मनाला येईल तसं करता येत नाही. दादा ज्या सातबाऱ्याच्या जोरावर बोलत होता, त्याच्यावर पोपांनी बोजा चढवून ठेवला होता, आणि तलाठ्याने तो लिहिला नव्हता इतकंच.

मी पुस्तिका घेऊन दादाकडे गेलो. त्याने चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाला, "पोपांना वसईला बोलाव. वीजबिल दाखवतो." मग थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "मी दर ईस्टरच्या आधी कन्फेशनला जातो. पाणी कधी सांगितलं नाही. ते पाप आहे असं आपल्याला कुणी शिकवलं होतं?"

ह्या वाक्याने माझा राग बराच उतरला. कारण खरं होतं. मास्तरांनी बोटांवर मोजून दिलेल्या यादीत ते नव्हतं. आम्ही दोघं एकाच पडवीत, एकाच मास्तरांकडे शिकलो होतो. वेदीवरून त्याचे आभार मानले जात होते. शिकवणाऱ्यांनी चाळीस वर्षं एक गोष्ट सांगितली नाही आणि मग चार रविवारांत सांगितली, आणि माणसाने ताबडतोब मोटार बंद करावी, असं कसं होईल? चौथं पाप एकट्या दादाचं नव्हतं. टाळ्या वाजवणारे होते, आभार मानणारे होते. आणि दादा टँकर भरत होता, ते पाणी हातात होतं, म्हणजे ते करण्याचं पाप. न करण्याचं पाप बाकी सगळ्या गावाचं, हे फादरांनी वेदीवरून सांगितलं असतं तर पायऱ्यांवरची बाचाबाची आणखी वाढली असती.

कन्फेशनही तोवर बदललं होतं, हे इथे सांगायला हवं. १९७३ साली ह्या संस्काराचा नवा विधी आला. त्यात देवाशी समेट आणि ख्रिस्तसभेशी, म्हणजे आपल्या माणसांशी समेट, दोन्ही एकत्र धरले आहेत. जाळी अजून आहे, पण हवं तर फादरांसमोर खुर्चीवर बसूनही बोलता येतं. जाळीआड आकडे सांगून पाटी कोरी करणं सोपं होतं. ज्याच्या विहिरीत समुद्र आला त्याच्याशी समेट करायचा तर चाफ्याची रांग ओलांडून यावं लागतं.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये रोमला अ‍ॅमेझॉनच्या जंगलप्रदेशासाठी बिशपांची सभा भरली. तिच्या शेवटच्या अहवालात पर्यावरणाच्या पापाची व्याख्या सुचवली आहे. देवाविरुद्ध, शेजाऱ्याविरुद्ध, समाजाविरुद्ध आणि सृष्टीविरुद्ध केलेली कृती, किंवा न केलेली कृती. पुढच्या पिढ्यांविरुद्धचं पापही त्यांनी त्यात धरलं आहे. मी ते वाचलं तेव्हा निवृत्त फादरांनी दाखवलेला तो लॅटिन शब्द मला पुन्हा दिसला. पन्नास वर्षं आपण तो छातीवर मूठ मारून म्हणतोय, आणि कुठल्या कुठे, पाण्याने भरलेल्या जंगलाच्या निमित्ताने त्याला विहिरीएवढा अर्थ आला.

दादाची मोटार मात्र ह्यातल्या कशानेही बंद झाली नाही. ती बंद झाली त्याच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं तेव्हा. टँकरवाल्याने तोंडात घेतलं, थुंकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. इतकी वर्षं सणासुदीला दादाच्या घरी जेवलेला माणूस, निरोपही न देता गेला. पुढे सूर्या धरणाचं पाणी शहरात आलं, वाढलं, तरी टँकर काही गेले नाहीत, ते दुसरीकडे वळले. दादाच्या केळी पिवळ्या पडल्या. त्याच्या वाडीतलं बावखल त्याने मधल्या काळात राडारोडा टाकून बुजवलेलं होतं, टँकरला वळायला जागा हवी म्हणून.

आमच्या आळीतल्या पोरांनी बावखलं साफ करायला घेतली आहेत. रविवारची पहिली मिस्सा झाली की कुदळी घेऊन येतात. माझं बावखल त्यांनी दोन उन्हाळे उपसलं, गाळ मी केळींना टाकला. यंदा मे महिन्यात माझ्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर मचूळपणा थोडा कमी वाटला. वाटला म्हणतो, कारण जिभेवर माझा पुरता भरवसा नाही, एखाद्या दिवशी बाटली भरून तपासायला नेईन. नागवेल लावायचं धाडस अजून केलेलं नाही. दोन वेल कुंडीत लावून बघितले आहेत.

दादा आता पंच्याहत्तर पार आहे. गुडघे गेले. गेल्या उन्हाळ्यात त्याने जेसीबी बोलावला आणि टँकर वळायचा तो कोपरा पुन्हा खणून घेतला. मी रांगेतून डोकावलो, विचारलं, "दादा, हे काय?"

"मासळी सोडणार आहे," म्हणाला. "नातवाला गळ टाकायला बरं."

पहिल्या पावसात ते अर्धं भरलं, जुलैत काठोकाठ. मासळी अजून सोडलेली नाही. रोज सकाळी काठी टेकत येतो, काठावर उभा राहून पाणी किती उतरलं ते बघतो, आणि मी दिसलो की मासळीचंच बोलतो. बोलू दे.